मांजराची खाज आणि खाणं: ब्रँड बदलून काही होत नाही, ८ आठवडे नीट काढावे लागतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: ४ वर्षांचा बोका, न्यूटर केलेला, घराबाहेर जात नाही. ७-८ महिने झाले, मान आणि कानाच्या पुढचा भाग खाजवून खाजवून खपल्या धरल्यात, पोटावरचे केस चाटून साफ. खाणं ४ वेळा बदलून झालं, शेवटचं तर ग्रेन फ्री. रक्ताची अ‍ॅलर्जी टेस्ट केली, त्यात चिकन, मासा, अंडं, तांदूळ, मका असं जवळपास सगळंच निघालं. डॉक्टर इंजेक्शन देतात, महिनाभर छान, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तर आता याला खायला द्यायचं तरी काय?

मी व्हेट आहे आणि गेली बरीच वर्षं माझ्याकडे येणाऱ्या मांजरांपैकी कातडीच्या तक्रारीवालीच जास्त असतात, त्यामुळे हे वाचताना मला तुमचा बोका डोळ्यासमोर दिसला. उत्तर लांबणार आहे, पण मधलं गाळून एकदम शेवटाकडे उडी मारू नका कारण सगळी गडबड त्या मधल्या भागातच होते.

आधी त्या चारही पिशव्या काढा (फेकल्या असतील तर नेटवर फोटो मिळतील) आणि उलट्या करून मागची घटकांची यादी वाचा. पुढे मोठ्या अक्षरात सॅल्मन, माशाचं झकास चित्र, आणि मागे तिसऱ्या-चौथ्या नंबरवर चिकन मील, मग चिकन फॅट, मग कुठेतरी पोल्ट्री लिव्हर. दुसरी पिशवी बघा, तिच्यात चिकन पहिल्याच नंबरवर. शेवटची ग्रेन फ्री, म्हणजे गहू-मका काढून बटाटा-वाटाणा टाकला, चिकन आहे तिथेच. म्हणजे तुम्ही चार वेळा खाणं बदललंत असं तुम्हाला वाटतंय पण बोक्याच्या शरीराच्या दृष्टीने काहीच बदललेलं नाही, तेच ते प्रोटीन वेगवेगळ्या पिशव्यांमधून पोटात जातंय. रोज हे बघते मी. आणि पुन्हा दर महिन्या-दीड महिन्याला ब्रँड बदलला की कुठल्याच खाण्याला पुरेसा वेळ मिळत नाही, त्यामुळे उपयोग होत होता की नव्हता हेही कळायला मार्ग नाही.

आता खाण्याकडे वळायच्या आधी पिसवा. माहितीये, "आमच्याकडे पिसवा नाहीत" हे मला प्रत्येक जण सांगतो, आणि खरंच दिसत नाहीत, कारण मांजर इतकं चाटतं की पिसू दिसायच्या आत गिळून टाकतं. ज्याला पिसवांच्या लाळेची अ‍ॅलर्जी आहे त्या मांजराला थोडे चावेही पुरतात. एक साधी गोष्ट करा, पिसवांची बारीक दातांची फणी घ्या, शेपटीच्या बुडापासून पाठीवर विंचरा, जे काही निघेल ते ओल्या पांढऱ्या टिश्यूवर झटका आणि २-३ मिनिटं थांबा. काळे ठिपके जर विरघळून लालसर तपकिरी झाले तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. काहीच निघालं नाही तरी पिसवा नाहीतच असं म्हणता येत नाही. घरातच राहणाऱ्या मांजरालाही होतात, माणसाच्या कपड्यांवरून येतात, कुत्र्यावरून येतात, आणि कोषातली पिसू गालिच्यात महिनोन्‌महिने पडून राहू शकते. म्हणून मी तर टेस्ट-बिस्ट न बघता घरातल्या सगळ्या प्राण्यांना, फक्त खाजवणाऱ्याला नाही, चांगलं पिसवांचं औषध निदान २-३ महिने खंड न पाडता द्यायला लावते आणि मगच बाकीचं बोलते. फक्त एक, कुत्र्याचं औषध मांजराला अजिबात लावू नका, त्यातल्या बऱ्याच औषधांत पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं आणि त्याने मांजराला फिट्स येतात, जीव जातो. कुत्र्याला लावून लगेच मांजर त्याला बिलगून झोपलं तरी धोका आहे.

सोबत डॉक्टरांना सांगा की कातडीवर टेप लावून आणि खरवडून मायक्रोस्कोपखाली बघा, माइट्स म्हणजे कातडीवरचे डोळ्यांना न दिसणारे किडे आहेत का, बॅक्टेरिया किंवा यीस्ट वाढलंय का, आणि नायट्याची म्हणजे फंगसची कल्चर टेस्ट करून घ्या. जांभळ्या दिव्याखाली चमकलं नाही म्हणून नायटा नाही असं नसतं. अजून एक छोटीशी गंमत, पोटावरचे चार केस उपटून मायक्रोस्कोपखाली धरले की टोकं तुटलेली, झाडूसारखी फाटलेली दिसली तर केस गळत नाहीयेत, तो चाटून तोडतोय. खूप जण म्हणतात "पण आम्ही त्याला चाटताना बघितलंच नाही", अहो तो तुम्ही झोपल्यावर चाटतो, मांजरं याबाबतीत फार चोरटी असतात.

हे सगळं निस्तरून खाज उरली तर मग खाणं. मांजरात खाण्याची अ‍ॅलर्जी बहुतेक वेळा प्रोटीनची असते. २०१६ साली आधीच्या अभ्यासांमधली ७८ मांजरं एकत्र धरून एक आढावा आला होता, त्यात बीफ १८ टक्के, मासा १७ टक्के आणि चिकन ५ टक्के असे आकडे होते, गहू, मका, दूध, लँब त्याहून खाली. म्हणून ग्रेन फ्री हा प्रकार खाजेसाठी मला फारसा कामाचा वाटत नाही, विकायला बरा. आणि "पण तो हेच खाणं ३ वर्षं खातोय, आधी कधी काही झालं नाही" हे तर कारण होऊच शकत नाही. अ‍ॅलर्जी व्हायला शरीराला त्या प्रोटीनची आधी ओळख व्हावी लागते, त्यामुळे वर्षानुवर्षं जे मजेत खाल्लं तेच एक दिवस नडतं. खाण्याची खाज वर्षभर राहते, ऋतूप्रमाणे कमी-जास्त होत नाही, डोकं-मान-चेहरा जास्त खाजतो, आणि काही मांजरांना सोबत उलट्या किंवा सैल शी. पण नुसत्या जागेवरून निदान करता येत नाही, हवेतल्या गोष्टींच्या अ‍ॅलर्जीतही अगदी हेच दिसतं. मानेवर बोट फिरवलं तर केसांखाली बारीक बारीक खरखरीत कण लागत असतील, त्याला मिलिअरी डर्मटायटिस म्हणतात, नाव बाजरी-वरीसारख्या दाण्यावरून पडलंय, तोही काही एका कारणाचा आजार नाही, तो मांजराच्या कातडीचा कुरकुर करायचा एक प्रकार आहे एवढंच.

रक्ताची टेस्ट. वाईट वाटेल पण तो रिपोर्ट ठेवून द्या बाजूला. खाण्याच्या अ‍ॅलर्जीसाठी रक्त, लाळ किंवा केसांची कुठलीही टेस्ट भरवशाची नाही, अगदी ठणठणीत मांजरांचेही रिपोर्ट पॉझिटिव्ह येतात. रिपोर्टमधे सगळंच लागलंय म्हणून तुम्ही घाबरलात, आणि उद्या त्यातलं जे लागलं नाही ते खायला घालाल आणि तेच नेमकं बाधत असेल. टेस्ट एकच आहे, ती म्हणजे एलिमिनेशन डाएट, जुनं सगळं खाणं बंद करून ठरावीक काळ फक्त एकच नवं खाणं देऊन बघायचं, आणि ती लॅबमधे होत नाही, तुमच्या स्वयंपाकघरात होते.

त्यासाठी खाणं निवडायचे दोन रस्ते. एक हायड्रोलाइज्ड डाएट, यात प्रोटीनचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराला ते ओळखू येत नाही. दोरा इतका तोकडा कापायचा की त्याची गाठच मारता येऊ नये, तसं काहीसं. यातही कमी-जास्त बारीक तुकड्यांची असतात, काही मांजरांना कमी बारीक असलेलं चालत नाही, मग आणखी बारीक किंवा थेट अमिनो अ‍ॅसिडवालं घ्यावं लागतं. दुसरा रस्ता म्हणजे नॉव्हेल प्रोटीन, जे या मांजराने जन्मात खाल्लेलं नाही असं, ससा, हरीण वगैरे. ऐकायला सोपं वाटतं पण तुमचा बोका चार ब्रँड आणि शंभर ट्रीट्स खाऊन बसलाय, त्याने काय खाल्लं नाही हे शोधणंच अवघड. चिकन खाल्लेल्याला बदक द्यायचं मी टाळते, पक्षी तो पक्षीच, एकाची अ‍ॅलर्जी दुसऱ्याला लागू पडू शकते. तुमच्या बाबतीत मी सरळ हायड्रोलाइज्ड घेईन. आणि जे घ्याल ते डॉक्टरांच्या प्रिस्क्रिप्शनवालं घ्या, दुकानात लिमिटेड इंग्रेडिएंट म्हणून मिळतं ते नको, अशा खाण्यांच्या तपासणीत यादीत नसलेली प्रोटीनं वारंवार सापडली आहेत. एकाच मशीनवर आधी चिकन आणि मग ससा निघाला तर पिशवीवर काहीही लिहिलेलं असो.

घरी शिजवून घालू का, हा पुढचा प्रश्न येणारच. घालता येतं, आणि खरं सांगायचं तर चाचणी म्हणून ते सगळ्यात स्वच्छ, आत काय आहे ते तुम्हाला माहीत असतं. पण नुसतं उकडलेलं मांस म्हणजे मांजराचं पूर्ण जेवण होत नाही. मांजराला टॉरिन नावाचा घटक बाहेरून खाण्यातूनच मिळावं लागतं, ते कमी पडलं की डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदयाचा स्नायू ढिला पडतो, हृदयाचं हे कारण १९८७ साली लक्षात आलं आणि त्यानंतर तयार खाण्यांत टॉरिन वाढवलं गेलं. शिवाय कॅल्शियम, व्हिटॅमिन ए, बरंच काही. त्यामुळे पशु-आहारतज्ज्ञाकडून रेसिपी घेऊन करणार असाल तरच करा, इंटरनेटवरची नको. कांदा-लसूण तर चवीपुरताही नाही, मांजराच्या लाल पेशी फुटतात त्याने. आणि शाकाहारी करून बघू का असं विचारणारेही भेटतात, त्यांना मी हात जोडते.

नवीन खाणं एकदम समोर ठेवू नका. ७ ते १० दिवस, आधी पाव भाग नवीन, मग निम्मं, मग पाऊण, असं. बोका तोंड फिरवेल, मांजरं खाण्याच्या आकाराला, चुऱ्याला, वासाला चिकटून बसतात, ड्राय फूडवर वाढलेलं मांजर वेट फूडला खाणं मानतच नाही. वेट असेल तर थोडं कोमट करून द्या, अंगाच्या उष्णतेइतकं, वास उठतो. "भूक लागली की खाईल" हे मात्र मांजराला लागू नाही. कुत्र्याला चालेल एखादे वेळी, मांजर, त्यातून जाडजूड मांजर, २-३ दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून काविळीपर्यंत जातं, आणि मग खाज बरी होती म्हणायची वेळ येते. २४ तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन, जुनं खाणं परत द्या, दुसरं डाएट निवडा.

ज्या दिवशी वाटीत १०० टक्के नवीन खाणं गेलं तो पहिला दिवस. तिथून ८ आठवडे. २०१५ च्या एका आढाव्यात दिसलं की खाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मांजरांपैकी ८० टक्क्यांहून जास्त ६ आठवड्यांत आणि ९० टक्क्यांहून जास्त ८ आठवड्यांत सुधारतात, म्हणून ८. तिसऱ्या आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून सोडणारे लोक सगळ्यात जास्त, तुम्हीही चार वेळा बहुतेक तेच केलंत.

आणि ८ आठवडे म्हणजे त्या खाण्याशिवाय तोंडात काहीही नाही. ट्रीट नाही, ताटातला तुकडा नाही, दूध नाही. इथपर्यंत सगळे मान डोलावतात. नंतरची गळती मात्र कोणाच्या लक्षात येत नाही: जंताची गोळी चघळायची चवदार असते, तिच्यात बीफ किंवा चिकनचा फ्लेवर. मांजराची टूथपेस्ट पोल्ट्री फ्लेवरची. गोळी लपवून द्यायची मऊ ट्रीट. कॅप्सूलचं बाहेरचं जिलेटिन. या काळात औषधं बिनचवीची मागून घ्या, पिसवांसाठी मानेवर लावायचं औषध वापरा.

माझ्याकडे एक भाटी होती, दोन वेळा डाएट फेल. घरचे अतिशय शिस्तीचे, वही घेऊन यायचे, रोजचं वजन, रोजचे ग्रॅम. कुत्र्याला वेगळ्या खोलीत दार लावून जेवायला घालायचे. मी पण डोकं खाजवत बसले. शेवटी म्हटलं मला संध्याकाळच्या जेवणाचा व्हिडिओ पाठवा, सगळा, कट न करता. त्यात काय, कुत्रा जेवला, दार उघडलं, तो जिभल्या चाटत बाहेर आला आणि भाटी दारातच बसलेली, ती उठली आणि अगदी निवांतपणे त्याचं थोबाड चाटून साफ केलं, ओठांच्या कडा, हनुवटी, सगळं. रोज दोन वेळा हे चालायचं आणि घरात सगळ्यांना ते प्रेम वाटायचं, फोटोही होते त्याचे. कुत्र्याचं तोंड पुसायला सुरुवात केल्यावर तिसरं डाएट सातव्या आठवड्यात लागू पडलं. दोन मांजरं असतील तर सगळ्यात सोपं म्हणजे दोघांनाही तेच खाणं, ते पूर्ण आहार असेल तर दुसऱ्या मोठ्या मांजराचं काही बिघडत नाही.

त्या इंजेक्शनबद्दल. महिनाभर टिकतंय म्हणजे बहुतेक लांब काम करणारं स्टेरॉइड आहे. वारंवार दिलं तर डायबेटिसची भीती, काही मांजरांत हृदयावरही ताण, आणि आपल्या कामात ते आड येतं, कारण खाज इंजेक्शनने गेली की खाण्याने हे कोण सांगणार? पण ८ आठवडे त्याला खाजवत ठेवा असंही मी म्हणत नाही, ती क्रूरता आहे. पहिले काही आठवडे प्रेडनिसोलोनच्या गोळ्या (हेही स्टेरॉइडच, पण कमी काळ टिकणारं) डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू कमी करत बंद, आणि शेवटचे निदान दोन आठवडे बिनस्टेरॉइडचे मिळाले पाहिजेत, नाहीतर चाचणी पुढे लांबवा. प्रेडनिसोलोनच मागा, प्रेडनिसोन मांजराच्या शरीरात नीट बदलत नाही. जखमेत इन्फेक्शन असेल तर त्याचं औषध वेगळं. मागच्या पायाची नखं कापत राहा, मानेच्या जखमा त्यांनीच होतात.

दर रविवारी त्याच खिडकीपाशी तेच तीन फोटो, मान, पोट, मांड्यांची आतली बाजू, आणि खाजेला ० ते १० मधे एक आकडा. रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही. केस यायला वेळ लागतो, आधी नवीन खपल्या यायच्या थांबतात, बोटाला ते कण लागेनासे होतात, मग पोटावर बारीक लव दिसते.

समजा ८ आठवड्यांनी बोका मस्त झाला. आता जे सांगणार आहे ते ऐकून सगळे माझ्यावर रागावतात: जुनं खाणं परत द्या. हो, तेच, चिकनवालं. कारण या काळात तुम्ही पिसवांचं औषधही दिलंत, इन्फेक्शनही बरं झालं, कदाचित सुंठीवाचून खोकला गेला असेल आणि तुम्ही उगाच आयुष्यभर महागडं खाणं घालत बसाल. खाण्याचीच अ‍ॅलर्जी असेल तर जुनं खाणं दिल्यावर कधी काही तासांत, बहुतेकदा आठवड्याभरात, फार तर दोन आठवड्यांत खाज परत येते. आली की लगेच थांबवून पुन्हा डाएटवर, तो शांत होईल, आणि निदान पक्कं. दोन आठवडे काहीच नाही झालं तर खाणं निर्दोष. हा भाग टाळला तर ८ आठवड्यांची मेहनत अर्धवट राहते, कितीही जिवावर आलं तरी करा.

पक्कं झाल्यावर मग एक एक प्रोटीन, डाएटच्या खाण्यात साधं शिजवलेलं चिकन थोडंसं, दोन आठवडे, मग थांबून मासा, दोन आठवडे, मग बीफ. यातून तुम्हाला याच्यापुरती खरी यादी मिळते, त्या रक्ताच्या रिपोर्टसारखी नाही. बहुतेक मांजरांना एखाद-दोन गोष्टीच नडतात, मग त्या सोडून नेहमीचं एखादं पूर्ण खाणं शोधता येतं आणि प्रिस्क्रिप्शनवालं कायम घालावं लागतंच असं नाही.

८ आठवडे काटेकोर होऊनही ढिम्म फरक नाही? मग धूळ, परागकण वगैरेची अ‍ॅलर्जी धरून चालायचं, तिथे सायक्लोस्पोरिन (शरीराची प्रतिकारशक्ती थोडी दाबणारं औषध), कमी मात्रेत स्टेरॉइड, अ‍ॅलर्जीची इम्युनोथेरपी (जे बाधतं त्याचेच छोटे डोस देऊन शरीराला सवय लावायची) असे मार्ग आहेत. काहींना दोन्ही असतं, खाण्याने निम्मी खाज जाते आणि निम्मी उरते, ते अपयश समजू नका, औषध तेवढं कमी लागतं.

फिश ऑइल विचारलं नाहीत पण विचाराल. ओमेगा ३ ने थोडी मदत होते, ८-१२ आठवडे लागतात, पण चाचणीच्या काळात नको, माशाचीच अ‍ॅलर्जी असली तर पंचाईत. जवसाचं तेल घालून फायदा नाही, मांजराचं शरीर त्यातून हवं ते बनवू शकत नाही. आणि टी ट्री ऑइल कुठल्याही सबबीवर लावू नका, ते मांजराला विष आहे.

तर तुमच्यासाठी: शेवटचं इंजेक्शन कधी दिलं ती तारीख, चारही पिशव्यांच्या मागच्या यादीचे फोटो, आणि घरात बोक्याला कोण कोण काय चारतं ते खरं खरं लिहून डॉक्टरांकडे जा. पुढचं इंजेक्शन घेण्याआधी जा, घेतल्यावर नको. आणि घरात कुत्रा असेल तर ओला रुमाल हाताशी ठेवा.